रबरावरची एकोणीस वर्षं

रबराच्या बरोबर मध्यभागी पडलेला तो डाग, कोटाच्या बटणाएवढा, काळा, गुळगुळीत — भोवतालचं सगळं पॅड खरखरीत राखाडी आणि हा एवढाच भाग कुणीतरी वर्षानुवर्षं चाटत बसल्यासारखा चकाकणारा — आज त्याला पहिल्यांदा घाण वाटला. दिसायचा रोजच. सकाळी साडेसहाला खुर्ची खिडकीकडे ओढली, ड्रमच्या सरावाचं पॅड स्टँडवर बसवलं, ठोके मोजणाऱ्या मेट्रोनोमची कळ दाबली की पहिली नजर त्या डागावर जायची आणि छाती जराशी फुगायची, खोटं कशाला बोला... हे पाचवं पॅड. आधीच्या चारांना असेच डाग पडले, मग भेगा, मग ती कचऱ्यात गेली. आज डागाकडे बघताना तोंडात कडवट पाणी आलं आणि स्टिक हातात तशाच राहिल्या.

फार वेळ नाही राहिल्या. उजवा डावा उजवा उजवा, डावा उजवा डावा डावा — हात सुरू झाले. त्याला न विचारता. मालक नको म्हणत असताना कुत्रं दाराशी जाऊन उभं राहावं तसे.

रुडिमेंट म्हणतात याला. डाव्या-उजव्या हाताच्या ठोक्यांचे ठरलेले क्रम, एकूण चाळीस, प्रत्येकाला नाव, प्रत्येकाला वेग. लहान मुलाने बाराखडी घोटावी तसे घोटायचे. फरक एवढाच की लहान मूल बाराखडी घोटून घोटून शेवटी बोलायला, लिहायला लागतं, आणि हा एकोणीस वर्षं रोज दोन तास बाराखडीच घोटतोय. कपाटाच्या दाराला आतून पेन्सिलीने तारखा आणि वेग लिहिलेत, मिनिटाला किती ठोके ते. एकशे चाळीस. एकशे बावन्न. एकशे ऐंशी. तापात असतानाचे वेगळे, खाली रेघ मारून. लग्न झालं असतं तर बायकोने पहिल्या दिवशी ते दार पुसलं असतं. नाही झालं. लग्नाचं बोलायला माणसं आली त्या दिवशी हा आत पॅडवर होता, आणि 'पाच मिनिटांत येतो' म्हणून चाळीस मिनिटांनी आला, आणि मुलीच्या मामाने उठता उठता दादाला विचारलं, तुमच्याकडे सुतारकाम चालू आहे का?

दादा अजून हा विनोद सांगतो. हसायला येतं लोकांना.

आणि पाय? हाच तर काल रात्रीपासून... पाय खुर्चीखाली, रबरी चपलेत. चपलेचा अंगठा तुटायला आलेला. एकोणीस वर्षं दोन्ही पाय तिथे नुसते पडून आहेत, कुणी विसरून गेलेल्या सामानासारखे. कधीतरी टाच हलायची, तालावर, ती पण हातांच्या मागून, हात नेतील तिकडे. ड्रमसेट वाजवणाऱ्याला चार अवयव लागतात. त्याने दोन वाढवले. दोन खाऊन खाऊन फुगले, दोन उपाशी. आणि हे कळायला एकोणीस वर्षं, आणि तेही दुसऱ्या कुणीतरी कळवायला लागलं.

फोन पॅडशेजारी पालथा. काल संध्याकाळी बँडमधल्या बेस-गिटारवाल्याने पाठवलेलं रेकॉर्डिंग, चार मिनिटांचं. गेल्या रविवारी बँडची तालीम झाली ती याच्या नकळत वेगवेगळ्या माइकवर घेतली होती, आणि त्यातलं गाणं काढून टाकून, गिटार काढून टाकून, याचे हातसुद्धा काढून टाकून, बेसवाल्याने दोनच गोष्टी ठेवल्या होत्या — स्वतःचा बेस आणि याचा पाय. पायाने वाजणारा मोठा ड्रम. खाली एक ओळ: 'नीट ऐक. उद्या चारला ये. एकटा.'

अकरा वेळा ऐकलं. पहिल्यांदा राग आला, नागडं करून रस्त्यात उभं केल्यासारखा. तिसऱ्यांदा वाटलं, बेसच पुढे पळतोय. पाचव्यांदा कळलं की नाही. बेस जागेवर आहे. पाय उशिरा येतोय, आणि तोही सगळीकडे नाही, तसं असतं तर त्याला एक स्वभाव तरी म्हणता आला असता. उशीर ठरावीक जागी आहे. कुठल्या जागा त्या? मूळ रेकॉर्डिंगशी लावून बघितलं, सातव्या वेळी. ज्या ज्या जागी हातांनी काहीतरी देखणं केलं — सहाचा रोल, दुहेरी पॅराडिडल, सगळ्या ड्रमांवरून फिरून येणारी ती तीस ठोक्यांची लड, जिच्यासाठी त्याने एक अख्खा हिवाळा घातला — तिथे तिथे पाय थबकला. हात मिरवायला निघाले की पाय दाराआड जाऊन उभा राहतो. मिरवणं संपलं की हळूच येऊन रांगेत मिसळतो. एकदा नाही, चार मिनिटांत सतरा वेळा.

आणि हे बँडमधल्या सगळ्यांना माहीत असणार. सहा वर्षं.

"भाऊजी," वहिनी दारात, एका हातात चहाचा कप, दुसऱ्याने ओले केस पुसत, "आज एकाच जागी अडकलंय. तबकडी घासल्यासारखं. बरं आहे ना?"

"तुम्हाला कसं कळलं अडकलंय?"

"एकोणीस वर्षं ऐकतेय. मला बसवा उद्या त्या खुर्चीवर, हातांनी नाही तर तोंडाने म्हणून दाखवेन." तिने कप खिडकीत ठेवला. ती दातांच्या दवाखान्यात मदतनीस आहे, दिवसभर ड्रिलचा आवाज ऐकते आणि घरी येऊन हा ऐकते, आणि कधी दार आपटलेलं नाही. हिने एकदा तरी दार आपटायला हवं होतं. कुणीतरी. ही सगळी चांगली माणसं. 'करतोय बिचारा साधना.' साधना! शब्दाचीच ओकारी येते. रोज सकाळी ठरल्या वेळी ठरली गोष्ट करायची, जिच्यात चुकायला जागा नाही, जिच्यात दुसरा माणूस नाही, आणि तिला म्हणायचं साधना. अंघोळीला मग काय म्हणतात?

चहा पिताना त्याचं बोट कपाच्या कडेवर चालू होतं. उजवा डावा उजवा उजवा. त्याने ते दुसऱ्या हाताने धरून ठेवलं.

*

हे सगळं बँडवाल्या सरांपासून सुरू झालं. फौजेच्या बँडमधून निवृत्त झालेला माणूस, ताठ, मिशी कापूसपांढरी, गळ्यात पट्ट्याने लटकवायचा एकच ड्रम. 'हात साफ तर सगळं साफ. रोज दोन तास. वीस वर्षांनी मला विचार, आता काय करू.' विचारायला सर राहिले नाहीत, नाहीतर पुढच्या वर्षी गेलो असतो. त्या माणसाने अख्ख्या आयुष्यात ड्रमसेटवर बूड टेकवलं नव्हतं. त्याला पाय लागायचे ते चालायला! त्याच्यासोबत पाचशे माणसं चालायची आणि ताल त्या हजार बुटांत असायचा, हातांनी फक्त वर नक्षी काढायची. आणि बावीस वर्षांच्या गाढवाने ती नक्षी उचलली आणि बूट तिथेच सोडले. सरांचा काय दोष? तरी आज त्या पांढऱ्या मिशीचाही राग येतो. दोष नसलेल्यांचा राग जास्त येतो.

रागात सूट कुणाला नाही. त्या दुसऱ्या जातीच्या लोकांनाही नाही — 'अरे मनापासून वाजव, आतून आलं पाहिजे' म्हणणारे. आतून काय येतं ते त्याला माहीत आहे. हात तयार नसेल तर आतून येतो तो नुसता गोंगाट. त्या टपालवाल्याचंच बघा. सकाळी टपाल वाटतो, संध्याकाळी मिळेल तिथे ड्रम वाजवतो, दोन स्टिक दोन वेगळ्या जोड्यांतल्या, डावा हात म्हणजे ओला टॉवेल. चाळीसपैकी दोन रुडिमेंट येतात, तीही नाव माहीत नसताना. मागे हा तापाने पडला तेव्हा टपालवाला बसला याच्या जागी. वहिनी गेली होती ऐकायला. आल्यावर म्हणाली, "त्यांना काही तुमच्यासारखं येत नाही हो." मग चपला काढता काढता, "पण आम्ही सगळे नाचलो."

म्हणजे किती? किती लागतं मग? दोन तास जास्त, शून्य कमी — मधला आकडा कुणाकडे आहे? कुणी का सांगत नाही?

*

वाद्यांच्या दुकानामागे एक खोली आहे, वर पत्रा, भिंतींना अंड्यांचे पुठ्ठे चिकटवलेले, तिथे तो अकरा ते दोन शिकवतो. पुठ्ठ्यांना दमट वास येतो. मंगळवारी अकराला येणारी विद्यार्थिनी चौपन्न वर्षांची, सरकारी दवाखान्यात नर्स, सकाळची पाळी नसेल तेव्हाच येते. तिला एकच गाणं वाजवायचंय. दवाखान्यातल्या चौघीजणींनी मिळून काहीतरी बसवलंय, एकीच्या निवृत्तीच्या दिवशी वाजवायला. पाच महिने झाले. त्या गाण्याला त्याने तिला अजून हात लावू दिलेला नाही. रुडिमेंटच्या पुस्तकाचं पान सोळा चालू आहे.

तिने पॅडवर एक ओळ वाजवली. बरी. मग स्टिक मांडीवर ठेवल्या.

"सर, रागावू नका. हे किती करायचं असतं? खरं सांगा."

"रोज दोन तास," तो म्हणाला. ऐकत राहिला आपल्याच तोंडातून निघालेला तो आवाज, ताठ, मिशीवाला.

"ड्युटी करून?"

"मग नका करू. सक्ती नाही."

ती हसली. रागवायला हवी होती. "आम्हाला ना सर, इंजेक्शन द्यायला संत्र्यावर शिकवायचे. साल कातडीसारखी लागते सुईला. आठवडाभर टोचायचं, मग माणूस. पहिल्या माणसाला टोचताना माझे हात असे लटलट कापत होते. संत्र्यावर नव्हते कापत."

"मग?"

"मग काय. वर्षभर संत्र्यालाच टोचत बसले असते, तर संत्रं बरं झालं असतं का?"

स्वतःच्याच विनोदावर ती खळखळून हसली आणि तोही हसला, ओठांनी, आणि आत काहीतरी फाटत गेलं, कडेपासून. ही बाई. गुडघ्यावर पिशवी घेऊन बसलेली ही बाई पाच महिन्यांत जिथे पोचली तिथे... आणि तिच्या हातांना येणारा तो वास, साबणाचा, दवाखान्याचा, हिरवट —

बाबांच्या वेळचा कॉरिडॉर. हिरवी भिंत, कमरेपर्यंत तेलरंग. डॉक्टर माझ्याशी बोलत होते. तरुण होते, चष्मा कपाळावर सरकवलेला, आणि बोलताना त्यांचे ओठ हलत होते ते मला दिसत होते, आणि माझी बोटं पँटच्या शिवणीवर चालू होती. उजवा डावा उजवा उजवा. नुकताच एकशे शहाण्णववर अडकलो होतो, डाव्याचा दुसरा ठोका बारीक पडत होता, आणि त्याच क्षणी, त्या कॉरिडॉरमध्ये, मला कळलं की अनामिका सैल सोडली तर तो पडतो. पडला. शिवणीवर स्वच्छ पडला. मी मान हलवली. डॉक्टरांना वाटलं त्यांच्या बोलण्याला हलवली. घरी फोन केला, वहिनीने विचारलं, काय म्हणाले? मी म्हणालो, ठीक आहे म्हणाले. म्हणून दादा ऑफिसातून थेट दवाखान्यात न जाता आधी घरी गेला, आणि मी घरी येऊन पॅडवर बसलो, आणि सहाला बाबा गेले, खोलीत कुणी नसताना. पुढचे काही तास कुणीतरी जवळ थांबा — असं म्हणाले होते डॉक्टर. हे मला नंतर त्यांच्याच तोंडून कळलं, मी दवाखान्यातून मृत्यूचे कागद आणायला गेलो तेव्हा. दादाला मी सांगितलं नाही. दादा अजून त्या डॉक्टरला शिव्या देतो, 'ठीक आहे म्हणाला भडवा.' मी ऐकून घेतो. कपाटाच्या दारावर त्या तारखेपुढे दोनशे आठ लिहिलंय. तो माझा आजवरचा सगळ्यात मोठा आकडा आहे.

"सर? पुढचं घ्यायचं?"

"घ्या," तो म्हणाला. "पान सतरा."

सांगता आलं असतं. रोज दहा मिनिटं, बाई, वीस फार झाली, आणि उरलेला वेळ तुमच्या तिघी मैत्रिणींसोबत, चुकत. चार शब्द. तिने पान उलटलं, गुमान, बोटाला थुंकी लावून, आणि त्याला स्वतःचा जो तिटकारा आला तो इतका शारीरिक होता की त्याने खुर्ची मागे सरकवली. तिला वाटलं, जागा करून दिली.

*

तालमीची खोली टायरच्या गोदामाच्या वर. जिन्यात रबराचाच वास. आज सगळं जग रबराचं. बेसवाला आधीच बसला होता, ॲम्पच्या खोक्यावर, बेस मांडीवर, बूट काढलेले, मोजे वेगवेगळ्या रंगांचे. पंधरा वर्षांची ओळख. याच माणसाने याला बँडमध्ये आणलं, बाकीच्यांशी भांडून.

"या मास्तर."

"सरळ बोल."

"ऐकलंस?"

"अकरा वेळा."

"मग मी काय बोलू?" बेसवाल्याने एक तार जुळवली, जुळलेली असताना. "शुक्रवारी रेकॉर्डिंग आहे. बाकीच्यांचं म्हणणं, टपालवाल्याला बसवायचं."

"त्याला रोल येत नाही धड."

"नाही येत."

"डावा हात..."

"अरे हो रे बाबा, डावा हात मेलेला आहे त्याचा. पण तो ठोका मारतो ना, तर मला माहीत असतं पुढचा कुठे पडणार. तुझ्यासोबत वाजवताना मला सहा वर्षं वाटतंय की तू शेजारच्या खोलीत वाजवतोयस. फार भारी वाजवतोयस. पण शेजारच्या खोलीत."

हे बोलताना तो याच्याकडे बघत नव्हता, आणि तेच जास्त लागलं. शिवी दिली असती तर बरं होतं. हा उठणारच होता. जिना, रस्ता, घर, खुर्ची, पॅड — सगळं तयार होतं, जिथे कुणी असं बोलत नाही, जिथे रबर फेकलेली स्टिक इमानदारीने परत देतं, कितीही वेळा...

"मी त्यांना म्हटलंय, मला एक तास द्या," बेसवाला म्हणाला. "माझ्यासोबत साधा ठोका वाजव. पाय, स्नेअर, पाय, स्नेअर. चार मिनिटं. एकही रोल नाही, एकही नक्षी नाही. जमलं तर शुक्रवारी तूच."

"एवढंच? हे तर पोरंटोरं वाजवतात."

"मग वाजव की."

तो बसला. पाय मोठ्या ड्रमच्या पेडलवर, स्टिक समोरच्या स्नेअर ड्रमवर. एक, दोन, तीन, चार. पाय, स्नेअर, पाय, स्नेअर. अपमान. शस्त्रक्रिया करणाऱ्याला भाजी चिरायला बसवावं तसा. बाराव्या आवर्तनाला हातांनी सहाचा रोल टाकला, त्याला पत्ताही न लागू देता, आणि बेस थांबला. बेसवाल्याने परत चार मोजले. पुन्हा. या वेळी एक मिनिट. पुन्हा थांबला. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा... हातांना खाज सुटल्यासारखं झालं, कोपरापर्यंत मुंग्या, सिगारेट सोडलेल्या माणसाचं कसं होतं तसं. घाम. मनगटं वर येऊ बघत होती आणि तो त्यांना दाबून धरत होता. त्याला दिसलं की हे हात त्याचे नाहीतच, ही दोन पाळलेली जनावरं आहेत, त्यांना खायला घालण्यासाठी त्याने घरातलं सगळं, एकेक करून... आणि त्यांना त्याची ओळखही नाही.

कितव्या वेळी कोण जाणे, ते गप्प पडले. दमून असतील. आणि मग खाली, खूप खाली, एक आवाज ऐकू आला. धप्प. ओबडधोबड, मतिमंद आवाज. धप्प. हा माझा पाय. काल तो फोनमध्ये होता, आता माझ्याखाली होता, आणि स्वतःच्या घामाचा वास अचानक दुसऱ्याचा म्हणून यावा तशी त्याची किळस आली. किती उघडा. किती अडाणी. याला काही म्हणजे काही शिकवलेलं नाही. ठोका पडल्यावर बेसचा सूर सुरू व्हायचा, आणि — हे त्याला कधी ऐकू आलं नव्हतं — सूर संपायचा. बेसच्या सुराला शेवट होता. बेसवाला दर वेळी बोट दाबून तो संपवत होता, मुद्दाम, नेमका, आणि संपवल्यावर एक एवढीशी रिकामी जागा सोडत होता. सहा वर्षं तो ती सोडत आला असणार. याच्यासाठी. याने ती सहा वर्षं भरून टाकली होती, चाळीस प्रकारांनी.

चार मिनिटं झाली असावीत. जास्तही. बेस थांबला, यानेही थांबवलं.

"कसं झालं?" त्याने विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याला खरंच माहीत नव्हतं. पॅडवर माहीत असायचं, प्रत्येक ठोक्याचं.

बेसवाल्याने खांदे उडवले. "मधे दोनदा लागलं माझ्याशी. दोनदा." मग, "शुक्रवारचं तू सांग. बसतोस का? असाच? अख्खं गाणं, असाच?"

असाच म्हणजे पायाच्या पातळीवर उतरून. तो अडाणी आवाज रेकॉर्ड होणार, लोक ऐकणार, टपालवाला ऐकेल आणि मनात म्हणेल, एवढंच येतं होय याला. एवढंच येतं. तेवढंही येत नाही, दोनदाच लागलं. हो म्हणावं तर उद्यापासून मी बावीस वर्षांचा, हात कापणारा. नाही म्हणावं तर... तो वाट बघत होता, की नेहमीसारखी शिसारी येईल आणि उत्तर तीच देईल, सकाळपासून सगळ्या गोष्टींची उत्तरं तिनेच दिली होती. ती होती, घशातच होती. पण तिच्याखाली दुसरं काहीतरी हललं, लहान, थंड. त्याने चाचपून बघितलं तर भीती. नुसती भीती, कुणाचा राग नसलेली, आणि इतकी स्वच्छ की तिला हात लावायला संकोच वाटला.

"परत एकदा वाजवू," तो म्हणाला. हे उत्तर नव्हतं, आणि ते नव्हतं हे दोघांनाही कळलं. बेसवाल्याने तारेवर बोट ठेवलं. खोलीत काहीच वाजत नव्हतं आणि त्या न वाजण्यात पुढचा ठोका कुठे पडणार, हे मला ठाऊक नव्हतं.